लाकूड कोरणाऱ्या राउटरला कॉम्प्युटर जोडायचा कसा: पॅरलल, यूएसबी की इथरनेट?

भाऊ, तुमचं म्हणणं मला जसं समजलं ते आधी सांगतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. नागपुरात मानेवाड्याला घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तुम्ही तीन अक्षांचा लाकूड कोरणारा राउटर उभा केलाय. १६०५ बॉलस्क्रू (मोटार फिरली की अक्ष सरकवणारा आटेदार दांडा), नेमा २३ स्टेपर मोटारी (प्रत्येक पल्सला, म्हणजे विजेच्या एका ठोक्याला, ठरावीक कोनात फिरणाऱ्या), त्यांना चालवणारे डीएम५४२ ड्रायव्हर, दीड किलोवॉटचा स्पिंडल (कापणारं टूल फिरवणारी मोटार) आणि त्याचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी. तान्ह्या पोळ्याच्या आत लाकडी नंदी कोरून विकायचे आहेत. पुढच्या वर्षी एका जुन्या छोट्या लेथलाही मोटारी लावायचा विचार आहे. घरात पॅरलल पोर्टवाला जुना डेस्कटॉप पडून आहे, मुलाचा लॅपटॉपही आहे. एका दुकानदाराने यूएसबी कार्ड काढून दाखवलं, दुसरा म्हणाला इथरनेटशिवाय काही घेऊच नका, आणि फर्निचरवाला मित्र म्हणतो डीएसपी हँडल, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय मशीन चालवणारी हातातली पेटी, घे अन् मोकळा हो. आता घ्यायचं काय?

मी हिंगणा एमआयडीसीत जुन्या मशीनवर नवं कंट्रोल बसवायची कामं करतो. या चारही प्रकारांवर काम केलंय आणि चारही प्रकारांनी कधी ना कधी मला रात्री दोनपर्यंत शेडमध्ये बसवलंय. दुकानात चर्चा पोर्टच्या आकाराची होते. वायर कुठल्या भोकात जाते याने तुमच्या नंदीला काही फरक पडत नाही. मोटारीला लागणारे पल्स कोण तयार करतं आणि ते वेळेवर निघतात का, एवढं कळलं की अर्धा निर्णय झाला. उरलेला अर्धा इलेक्ट्रिकल नॉइजचा, म्हणजे वायरीत शिरणाऱ्या विजेच्या नको त्या खळबळीचा. त्याच्याकडे मुद्दाम उशिरा येतो, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

आधी पाटी-पेन्सिल घ्या. तुम्ही ड्रायव्हरचे डिप स्विच (त्याच्यावरचे छोटे खटके) ६४०० वर ठेवलेत, म्हणजे मोटारीच्या एका फेऱ्याला ६४०० पल्स. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे मिलिमीटरला १२८० पल्स. तुम्हाला मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग हवाय, म्हणजे सेकंदाला ५०. गुणाकार करा: सेकंदाला ६४,००० पल्स, तेही एका अक्षाला. आर्डुइनो उनो या छोट्या, स्वस्त बोर्डावर चालणारं जीआरबीएल हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर सेकंदाला साधारण ३०,००० पल्सपर्यंत जातं. पॅरलल पोर्टवरून मशीन चालवणारं विंडोजवरचं माक३ सॉफ्टवेअर सुरुवातीला २५,००० वर लावलेलं असतं. म्हणजे जो कुठला स्वस्त पर्याय घ्याल तो पहिल्याच दिवशी दम टाकेल आणि तुम्ही कार्डाला शिव्या द्याल. डिप स्विच २००० वर आणा. मिलिमीटरला ४०० पल्स, त्याच वेगाला सेकंदाला २०,०००. एक पल्स म्हणजे अडीच मायक्रॉन. सागवान पावसाळ्यात त्याच्या कितीतरी पट फुगतं, त्यामुळे बारीक स्टेप गेल्याचं दुःख करू नका. मोटारीचा आवाज थोडा वाढेल, तेवढंच.

आता पॅरलल पोर्ट. प्रिंटरसाठी बनलेला २५ पिनांचा हा पोर्ट आपल्या धंद्याला फुकटात मिळाला. १२ आउटपुट, ५ इनपुट, आणि पिन वर-खाली करायला कॉम्प्युटरचा प्रोसेसर स्वतः बसलेला. मध्ये कुणी नाही, हीच त्याची गंमत आणि हीच त्याची अडचण. सेकंदाला २०,००० पल्स म्हणजे दर ५० मायक्रोसेकंदाला एक. कॉम्प्युटर त्या वेळी दुसऱ्या कशात १०० मायक्रोसेकंद अडकला तरी दोन पल्सचा ठेका चुकतो. मोटार पूर्ण वेगात असेल तर ‘खर्र’ करून जागीच थांबते. आपल्या स्टेपर मोटारीला डोळे नाहीत. ती थांबली हे कंट्रोलला कळतच नाही, तो पुढे चालत राहतो आणि नंदीची वशिंड मानेवर येते.

माक३ चा पॅरलल ड्रायव्हर ३२-बिट विंडोजवरच चालतो, ६४-बिटवर नाही. म्हणजे जुना एक्सपी किंवा ३२-बिट विंडोज ७ जपत बसा. मी आता नव्या माणसाला हा रस्ता सांगत नाही. लिनक्ससीएनसी हे लिनक्सवरचं मशीन चालवायचं सॉफ्टवेअर मात्र अजून पॅरलल पोर्टला मानाने वागवतं. अमेरिकेच्या निस्ट या मोजमाप-मानकांच्या सरकारी संस्थेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या प्रकल्पातून ते आलंय, फुकट आहे, आणि तुमचा डेस्कटॉप लायक आहे की नाही हे सांगणारी चाचणी सोबतच देतं. ‘लेटन्सी-टेस्ट’, म्हणजे कॉम्प्युटर किती उशीर करतो ते मोजणारी ही चाचणी, लावा आणि कॉम्प्युटरला छळा: व्हिडिओ चालवा, खिडक्या ओढा, पेन ड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करा. अर्धा-एक तास तरी चालू द्या. सर्वात वाईट आकडा २०,००० नॅनोसेकंदाच्या आत राहिला तर डेस्कटॉप सोनं आहे. ३० ते ५० हजार आला तर वेग थोडा कमी ठेवून चालेल. लाखाच्या वर गेला तर पॅरलल पोर्ट विसरा. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग आणि वीज वाचवायच्या सेटिंग बंद केल्या की आकडा बऱ्याचदा खाली येतो, म्हणून एका चाचणीवर हात टेकू नका.

दोन गोष्टी ठासून सांगतो, कारण दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. यूएसबीतून पॅरलल काढणारी ती निळी केबल या कामाला चालत नाही. ती प्रिंटरपुरती आहे, पल्स त्यातून वेळेवर निघू शकत नाहीत. दुसरं, या पद्धतीला लॅपटॉप नको. बॅटरी, तापमान आणि पंखा सांभाळायला तो मधूनच प्रोसेसरला बाजूला नेतो आणि ठेका तिथेच तुटतो. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, टिनाच्या शेडमध्ये तर विचारायलाच नको. तिथे तो बिचारा स्वतःचा जीव वाचवेल की तुमचे पल्स मोजेल?

आणि पाच इनपुट म्हणजे किती? तीन लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचला हे सांगणारे), एक टूल प्रोब (टूलची उंची मोजणारा), एक इमर्जन्सी. संपले. लेथच्या स्पिंडलचा एन्कोडर (स्पिंडल किती फिरला ते मोजणारा) लावायला दुसरं कार्ड घालावं लागतं.

यूएसबीत सगळा हिशेब उलटा आहे. यूएसबीवर कॉम्प्युटर आणि कार्ड यांचं बोलणं ठरावीक ठोक्यांवर होतं, साध्या वेगाच्या यूएसबीत एक मिलिसेकंदाचा ठोका. ५० मायक्रोसेकंदाचे पल्स त्यातून एकेक करून पाठवणं शक्यच नाही. म्हणून पल्स काढायचं काम कार्डावरच्या चिपकडे गेलं. कॉम्प्युटर नुसतं ‘इथून तिथे जा’ सांगतो, घड्याळ कार्डाचं. त्यामुळे इथे लॅपटॉपही चालतो आणि जुनं विंडोजही जपावं लागत नाही. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये जीआरबीएल सुरू केलं आणि शेकड्यांत मिळणारं आर्डुइनो उनो सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनचा, मेंदू झालं. याहून स्वस्त सुरुवात नाही, आणि शिकायला मी अजूनही हेच देतो.

पण नंदी कोरायला उनो घेऊ नका. कारण सांगतो. नक्षीचा जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या हालचालींची यादी, ही बारीक बारीक तुकड्यांची रांग असते, समजा ०.२ मिलिमीटरचा एकेक. उनोवरचं जीआरबीएल पुढच्या जेमतेम पंधरा-सोळा तुकड्यांचा विचार करू शकतं, तेवढीच त्याची मेमरी. म्हणजे त्याला पुढचा सव्वातीन मिलिमीटर रस्ता दिसतो. आणि त्याचा नियम असा की दिसणाऱ्या रस्त्याच्या शेवटी थांबता आलं पाहिजे. तुमचं त्वरण सेकंदाला २०० मिलिमीटर प्रति सेकंद धरलं तर ३००० च्या वेगातून थांबायला सव्वासहा मिलिमीटर लागतात. दिसतात सव्वातीन. मग ते आपोआप मिनिटाला २१०० च्या आसपास वेग धरून ठेवतं. तुम्ही पडद्यावर ३००० टाका नाहीतर ५००० टाका. सीताबर्डीच्या मेन रोडवर संध्याकाळी गाडीचा टॉप स्पीड विचारण्यासारखं आहे ते. एका नंदीला तीन तासांऐवजी चार लागले तर पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तुम्हाला ते चांगलंच जाणवेल. ३२-बिट चिपवर चालणारी याच घराण्यातली नवी मंडळी, टीन्सी ४.१ वरचं जीआरबीएलहाल किंवा ईएसपी३२ वरचं फ्लुइडएनसी, कितीतरी लांबचं बघतात आणि पल्सही भरपूर काढतात. काही हजारांत काम होतं. शिकलेलं वायाही जात नाही, जीआरबीएलहालमध्ये डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या सेटिंगा बहुतेक त्याच.

आता नॉइजकडे येतो. माझी स्वतःचीच फजिती सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी एका यूएसबी कार्डावर राउटर चालवत होतो. सकाळी मशीन गुणी बाळासारखं. दुपारी बारानंतर कधीही मध्येच बंद, कॉम्प्युटरमधून ‘टिडिंग’ आवाज आणि पडद्यावर ‘डिव्हाइस डिस्कनेक्टेड’. मे महिना होता, म्हणून मी गरमीवर खापर फोडलं. कार्डावर टेबलफॅन लावला. केबल तीनदा बदलली. कार्ड बदललं. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आमचा पोट्टा बाहेरून आला, म्हणाला “काका, लय गरम होऊन राहिलं”, आणि त्याने कूलरचं बटण दाबलं. टिडिंग. मी म्हटलं, बंद कर. टिडिंग. परत चालू कर. परत टिडिंग. गरमीमुळेच बंद पडत होतं म्हणा ना, फक्त मध्ये कूलर होता.

झालं असं होतं: कूलरची मोटार म्हणजे गुंडाळलेली तार. स्विच तोडताना तिच्यातून व्होल्टेजचा तडाखा बसतो. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर. यूएसबीच्या वायरीत कॉम्प्युटरचा आणि कार्डाचा ग्राउंड थेट जोडलेला असतो, मध्ये आडपडदा नाही. तडाखा ग्राउंडवरून आत आला की यूएसबी घाबरून हात सोडतं. त्यात उनोचा आणखी एक खोडकरपणा: पोर्ट पुन्हा उघडला की बोर्ड रीसेट होतो. मशीन कुठे आहे हे तो विसरतो. होमिंग स्विच, म्हणजे मशीनला शून्याची जागा शोधून देणारे स्विच, नसतील तर अर्धा कोरलेला नंदी तिथेच संपला. माझे दोन संपले.

इथरनेटची बाजू इथे भक्कम आहे. प्रत्येक इथरनेट पोर्टमागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, सिग्नल चुंबकातून जातो, तांब्याची थेट जोडणी नसते. म्हणून व्हीएफडीशेजारी तो यूएसबीपेक्षा कितीतरी शांत राहतो. केबलही १०० मीटरपर्यंत चालते, यूएसबीला मी दीड-दोन मीटरच्या वर कधी जाऊ देत नाही. दुसऱ्या दुकानदाराचं म्हणणं या बाबतीत खरं आहे. पण फक्त याच बाबतीत. लिमिट स्विचच्या वायरीतून आत येणाऱ्या नॉइजला इथरनेट काही करत नाही. आणि यूएसबी कार्ड आधीच घेऊन बसला असाल तर फेकू नका. यूएसबी आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, ती मध्ये टाका. आमचं ते कार्ड आयसोलेटर आणि कूलरसाठी वेगळी लाइन दिल्यावर अजून एका गिऱ्हाईकाकडे चालू आहे.

इथरनेटमध्येही पल्स कोण काढतं ते विचाराच. माक३-माक४ सोबत स्मूथस्टेपर हे पल्स काढणारं कार्ड चालतं, लिनक्ससीएनसीसोबत मेसा कंपनीची कार्डं. मेसाचं ७आय७६ई घ्या: पाच अक्षांचे स्टेप-डायरेक्शन (पल्स आणि दिशेचे) सिग्नल, ३२ इनपुट, १६ आउटपुट. २४ व्होल्टचा सेन्सर सरळ लावता येतो. कॉम्प्युटर दर मिलिसेकंदाला कार्डाला वेग सांगतो, कार्ड पल्स काढतं आणि कुठे पोचलं ते उलट कळवतं. त्यामुळे पॅरललला नापास झालेला डेस्कटॉपही इथे पास होऊ शकतो, कारण आता ठेका मायक्रोसेकंदाचा राहिला नाही. मात्र केबल कॉम्प्युटरमधून थेट कार्डात. घरच्या वायफाय राउटरमधून नेऊ नका, वायफायवर तर बिलकुल नको. आयात शुल्क धरून किंमत पाच आकड्यांत जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

मग एवढं महाग कशाला? तुमच्या लेथमुळे. लेथवर आटे पाडायचे तर स्पिंडल जितका फिरेल तितकंच टूल सरकायला हवं. लोड आला आणि स्पिंडल मंदावला तर टूलनेही मंदावायचं. त्यासाठी स्पिंडलवर एन्कोडर आणि तो वाचून त्याच क्षणी अक्ष हलवणारा कंट्रोल लागतो. उनोच्या जीआरबीएलमध्ये हे नाहीच. जीआरबीएलहालच्या काही बोर्डांवर जमतं. लिनक्ससीएनसीत मात्र हे जुनं, मुरलेलं काम आहे, आटे पाडायचे जी३३ आणि जी७६ हे कोड तिथे रोजचे.

डीएसपी हँडलबद्दल थोडक्यात. पेन ड्राइव्ह लावा, बटण दाबा, कॉम्प्युटरच नको. धूळ, गरमी, लाइट जाणं, सगळ्यात टिकतं. मित्र फर्निचरच्या धंद्यात आहे, त्याच्यासाठी बरोबर. तुमच्या नंदीलाही चालेल. पण तुम्हाला खोलून बघायचं असतं, लेथ करायचाय, आणि ती पेटी बंद असते. आत काय चाललंय ते ती सांगत नाही आणि लेथवर तिचा उपयोग नाही. तुमचं पत्र वाचून मला वाटलं, महिनाभरात कंटाळाल.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. या रविवारी डेस्कटॉपवर लिनक्ससीएनसी पेन ड्राइव्हवरून चालवून लेटन्सी बघतो, खर्च शून्य. आकडा चांगला आला तर ऑप्टो-आयसोलेटेड ब्रेकआउट बोर्ड घेतो, म्हणजे पोर्टच्या पिना वायरी लावायला बाहेर काढून देणारा आणि सिग्नल उजेडातून नेऊन कॉम्प्युटर वेगळा ठेवणारा बोर्ड. त्यात एक बघतो: स्टेप-डायरेक्शनच्या पिनांवर वेगवान ऑप्टो आहेत की नाही. स्वस्त बोर्डांवर मंद ऑप्टो असतात, ते वेगात पल्स खातात. लॅपटॉप लागतच नाही. यंदाचा पोळा पॅरललवर काढतो, लिनक्ससीएनसी हाताखाली येतं, आणि लेथच्या वेळी तेच सॉफ्टवेअर ठेवून खाली मेसा लावतो. आकडा वाईट आला तर यंदा ३२-बिटचं जीआरबीएलवालं कार्ड, शक्यतो इथरनेटवालं. लेथचं पुढच्या वर्षी बघू. उनो घरात असेल तर राहू द्या, नातवाला पेनने चित्र काढणारं मशीन करून द्या.

यातलं काहीही घ्या, शेडची वायरिंग आधी. व्हीएफडी ते स्पिंडल केबल शील्डवाली, शील्ड व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला घट्ट पकडलेली. ती केबल आणि लिमिट स्विचच्या वायरी एका पट्टीत बांधू नका, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. लिमिट स्विच एनसी (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) लावा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. उनोसारख्या बोर्डावर उगाच ‘अलार्म १’ (लिमिट स्विच लागल्याचा इशारा) येत असेल तर कारण असं की चिपच्या आतला पुल-अप (पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) फार कमजोर असतो, बाहेरून एक-दोन किलोओहमचा लावा आणि पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. २४ व्होल्टचा प्रॉक्सिमिटी सेन्सर थेट आर्डुइनोच्या पिनेत घालू नका, एकदाच धूर निघतो. इमर्जन्सीचं लाल बटण ड्रायव्हर आणि व्हीएफडीची वीज कॉन्टॅक्टरमधून (मोठ्या रिलेमधून) तोडेल असं लावा. कार्डाला नुसता निरोप देणारं बटण पुरेसं नाही, कार्डच अडकलेलं असेल तर निरोप घेणार कोण?

आणि अर्थिंग. आपल्याकडे तीन पिनांचा सॉकेट असतो, तिसऱ्या पिनेमागे वायर असेलच असं नाही. शेडमध्ये मल्टिमीटरने फेज ते अर्थ मोजा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर नको. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि हाच आकडा वाढतो. संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओता आणि परत मोजा. तेवढ्याने आकडा उतरला तर तुमच्या मशीनचा निम्मा नॉइज तिथेच होता असं समजा. नाही उतरला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्याच्याकडून नवा खड्डा करून घ्या आणि तोवर व्हीएफडी चालू करू नका.

लेटन्सीचा आकडा, अर्थिंगचे व्होल्ट आणि डेस्कटॉपचं मॉडेल, एवढं लिहून पाठवा. ब्रेकआउट बोर्डाची कोणती पिन कशाला लावायची ते मग काढून देतो. नंदीची शिंगं वेगळी कोरून चिकटवा, तीन अक्षांत त्यांच्या खालची बाजू निघत नाही.